नववी वीत

निंबगावात एक मुलगी होती, ती दोन वर्षं वाढलीच नाही.

खायची नाही म्हणावं, तर तसंही नाही. भाकरी खायची, थालीपीठ खायची, आणि फळीवरच्या डब्यातले लाडू कोणी बघत नसताना जास्त खायची. पूर्वी त्या डब्यासाठी स्टुलावर चढावं लागे, आता टाचा उंचावल्या की भागत असे. झगे तर एकेक करून हार मानत चालले होते. जो घोट्यापर्यंत यायचा तो पोटरीवर आला, पोटरीवरचा गुडघ्यावर आला. आणि तरीही मोजलं की आठ विती. दिवाळीत मोजलं, आठ. आंबे संपल्यावर मोजलं, आठ. पोरगी दारापाशी उभी राहायची, मोजायची आणि खालमानेने घरात जायची.

आता हे कोडं आधी तुम्हीच सोडवून बघा. सुटलं नाही तर पुढे वाचा. सुटलं तरी वाचा, कारण कोडं सुटलं म्हणून गोष्ट संपत नसते.

मुलीचं नाव बकुळ. आणि वीत म्हणजे काय हे ठाऊक नसेल, तर हाताचा पंजा होईल तेवढा ताणून टेबलावर ठेवा. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत जेवढी जागा, ती एक वीत.

बकुळची आई, शाल्मली, चंद्रावर होती. त्या काळी चंद्रावर जाणं आजच्या इतकं नवलाचं राहिलं नव्हतं, पण शेजारच्या गावी जाण्याइतकं सोपंही झालेलं नव्हतं. तिथे माणसांची एक छोटी वसाहत होती, चांदवस्ती. यानं उतरण्यासाठी तिथे मैदानं आखायची होती आणि आखणीच्या कामात शाल्मलीचा हात धरणारं कोणी नव्हतं.

निघायच्या दिवशी गाडी दारात उभी होती. बकुळ तेव्हा सहा वर्षांची. ती दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली आणि जागची हलेना. आईने तिच्या डोक्याशी चौकटीवर खडूची खूण केली. मग तिचाच इवलासा हात धरला, ताणला, आणि सुरवंटासारखा चालवत जमिनीपासून खुणेपर्यंत वर नेला. "एक वीत… दोन विती… आठ! बघ, तू आठ विती आहेस. नऊ विती झालीस ना, की मी दारात उभी."

"नक्की?"

"नक्की. तू नऊ हो, मी आलेच."

मग आईने एक कागद काढला. बकुळचा ताणलेला पंजा त्यावर ठेवला, भोवती पेन्सिलीची रेघ ओढली आणि तो हात घडी करून स्वतःबरोबर घेऊन गेली.

गावामागच्या टेकडीवर एक प्रचंड मोठी वाटोळी अँटेना होती. गाव तिला परात म्हणे. ती बांधली तेव्हा बकुळचे आबा, म्हणजे आईचे वडील, तिथले मुख्य शास्त्रज्ञ होते. आता तिथे तिचे बाबा कामाला होते. त्यांचं काम एवढंच, की परातीचं तोंड चंद्राकडे ठेवायचं. चंद्र सरकला की परात सरकवायची. "बायकोकडे बघत बसायचा पगार घेतो आमचा जावई," असं आबा म्हणत, आणि बाबा लाजत.

आठवड्यातून एकदा, चंद्र वर असेल तेव्हा, घरातल्या पडद्यावर आई दिसायची. पण बोलणं थोडं विचित्र व्हायचं. बकुळ हाक मारायची, "आई!" आणि पडद्यावरची आई नुसती बघत राहायची. मग जरा वेळाने तिचा चेहरा उजळायचा. "ओ, बकू!"

या मधल्या वेळात काय करायचं, हे बकुळने शोधून काढलं होतं. हाक मारली की तोंडात एक शेंगदाणा टाकायचा. चावला, गिळला, की आईची ओ यायचीच. आई एक शेंगदाणा लांब आहे, असं ती शाळेत सांगत असे.

आणि दर वेळी आईचा पहिला प्रश्न ठरलेला. "किती विती झालीस गं?"

"आठ," बकुळ म्हणायची.

मग पुन्हा तो शेंगदाण्याएवढा वेळ. मग आई हसायची. पण त्या हसण्यात पहिल्यासारखी गोडी राहिली नव्हती, असं बकुळला वाटे.

वाढायचे उपाय तिने सोडले नाहीत. पेरूच्या फांदीला लोंबकळून झालं. फांदी लांब झाली, बकुळ झाली नाही. रात्री पाय ताणून झोपून झालं. घरात मोजमापाचा पक्का जाणकार हजर होता, पण त्याला तिने कधी जवळ येऊ दिलं नाही. तो म्हणजे गजाभाऊ, एक यंत्रमानव. पूर्वी तो कापडदुकानात नोकरीला होता. दुकान बंद झालं तेव्हा आबांनी त्याला घरी आणलं. त्याच्या नाकाच्या जागी मोजायची फीत होती, ती सोंडेसारखी सुर्रकन बाहेर यायची. गज म्हणजे हत्ती, आणि गज म्हणजे कापड मोजण्याची जुनी पट्टीसुद्धा. त्यामुळे नाव दोन्हीकडून शोभलं.

"या बकुताई! उंची घेऊ? रंग जाणार नाही, माप चुकणार नाही!" असं तो रोज म्हणायचा.

"नको. आईने हातानेच मोजायला सांगितलंय."

"जशी गिऱ्हाइकाची मर्जी," म्हणून तो सोंड आत घ्यायचा आणि दुधाची पातेली मोजायला निघून जायचा.

एका संध्याकाळी आई पडद्यावर आली ती जरा घुटमळतच बोलली. "बकू, दोन महिन्यांनी इथून यान निघतंय. पण माझं अजून ठरत नाहीये. इथले लोक म्हणतात, आणखी एक वर्ष राहा. बघू… तू किती विती झालीस?"

बकुळने चौकटीकडे धाव घेतली. डोक्यावर हात ठेवून खूण केली आणि मोजायला लागली. एक, दोन, तीन… आठ. पुन्हा आठच!

तिने मागे वळून पडद्याकडे पाहिलं. मग बोटं जराशी मिटली. पंजा अगदी पूर्ण ताणायचाच कशाला? असा थोडा आखडून, थोडा चोरून… एक, दोन, तीन…

"नऊ!" ती ओरडली. "आई, नऊ विती!"

तिने शेंगदाणा तोंडात टाकला खरा, पण तो चावलाच जाईना.

"नऊ?" आई पडद्याच्या अगदी जवळ आली. "खरंच नऊ? अगं बाई! मग मी आजच सांगते यांना. येते मी, बकू. येते!" आईने दोन्ही हातांनी डोळे पुसले आणि पडदा बंद झाला.

घरात सगळ्यांना आनंद झाला. एकटी बकुळ मागच्या पायरीवर जाऊन बसली.

"बकू, शेंगा फोडायला ये," आबांनी हाक मारली.

"नको."

"बरं, लाडू?"

"नको."

"बाप रे. लाडवाला नको म्हणजे प्रकरण भलतंच नाजूक दिसतंय." आबा शेंगांची परडी घेऊन तिच्या शेजारी टेकले. "बोला राणीसाहेब."

बकुळने आपला हात फ्रॉकखाली लपवला. "आबा, मी नऊ नाहीये. आठच आहे. मी हात आखडून मोजलं."

"अस्सं! म्हणजे शब्दशः हातचलाखी."

"हसू नका ना. आता आई एवढ्या लांबून येईल, दारात मला मोजेल, आणि आठच भरल्या की परत जाईल."

आबांच्या मिशीत आलेलं हसू तिथेच विरलं. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे तिच्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "तुला टिकलीपूरच्या राजाची गोष्ट सांगितलीय का मी?"

"खरी आहे की तुमची आहे?"

"माझी आहे, म्हणजे खरीच की! ऐक. टिकलीपूरचा कायदा असा, की राजाचा हात तो राज्याचा हात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. काहीही मोजायचं तर त्याच मापाने. राजा होता आडदांड, त्याचा हात म्हणजे नांगराचा दांडा. तोवर सगळं ठीक चाललं. मग राजा म्हातारा झाला, काशीला गेला आणि गादीवर बसला त्याचा नातू. वय वर्षं पाच."

"एवढासा?"

"एवढासा. दुसऱ्या दिवशी बायका लुगडी घ्यायला गेल्या. नऊवारी लुगडं म्हणजे अठरा हात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. दुकानदाराने नव्या राजाच्या हाताने अठरा हात मोजून दिले. घरी येऊन नेसायला घेतलं, तर एक फेरा झाला आणि लुगडं संपलं! विहिरीवर वीस हात दोर सोडला, तर बादली अधांतरी लोंबकळून पाण्याकडे बघत बसली. सुताराकडून चार हातांची बाज आणली, तर माणूस बाजेवर आणि पाय अंगणात."

बकुळ खुदकन हसली.

"एकटा खूश होता गावचा पहिलवान. तो पूर्वी चार हात उंच होता. नवा राजा आला आणि तो एका रात्रीत सात हात झाला! मिशांना पीळ भरत गावभर हिंडला."

"पण आबा, तो वाढलाच नव्हता! हात लहान झाला म्हणून जास्त वेळा ठेवावा लागला."

"अरे वा! हे त्या पहिलवानाला सांगायला तू तिथे हवी होतीस. कारण पुढे छोटा राजा वाढायला लागला, तसा पहिलवान दर वर्षी आक्रसत चालला. सात हातांचा सहा झाला, सहाचा पाच झाला. बिचारा वैद्याकडून काढे घेऊ लागला. बाजा, दोर, भिंती, सगळं राज्यच आक्रसत होतं. फक्त एक माणूस असा होता, ज्याचं माप वर्षानुवर्षं तेवढंच भरे. ना वाढे, ना घटे. सांग बघू कोण?"

बकुळने विचार केला. सगळ्यांचं माप बदलायचं, कारण राजाचा हात मोठा व्हायचा. मग ज्याचं बदलायचं नाही, तो स्वतःही हाताबरोबरच मोठा होत असला पाहिजे…

"राजा!" ती म्हणाली. "राजाच! कारण त्याचा हात त्याच्याबरोबरच वा…"

वाक्य तिथेच राहिलं. फ्रॉकखालचा हात हळूच बाहेर आला. बकुळने तो उलटसुलट करून पाहिला, जणू कोणाचा दुसऱ्याचाच हात आपल्याला लावला आहे.

"आबा… माझा हात पण वाढला?"

"तू वाढलीस आणि हात काय सहा वर्षांचाच राहणार होता? अंग वाढलं, तसा पंजाही वाढला. म्हणून आठच्या आठ. माझीच वीत घेऊन मला मोज."

बकुळने आबांना चौकटीशी उभं केलं आणि त्यांचाच पंजा धरून मोजलं. साडेसात भरल्या.

"पाठीला पोक आलंय, अर्धी वीत त्यात गेली," आबा म्हणाले. "नाहीतर बहुतेक माणसं आपापल्या वितीने आठच्या आसपासच भरतात. दोन मापांच्या अशा एकमेकांशी तुलनेला गुणोत्तर म्हणतात. तुझ्या आठ विती म्हणजे तुझी उंची नव्हे. तुझी उंची आणि तुझा हात यांची ती जोडी आहे. आपला हात जगन्नाथ खरा, पण माप घेताना नव्हे."

"म्हणजे मी अशी कधीच नऊ झाले नसते?"

"शंभर वर्षांची झाली असतीस तरी नाही."

बकुळ उभीच राहिली. दोन वर्षं ती ज्या दिवसाची वाट बघत होती, तो दिवस कॅलेंडरात नव्हताच. तिचे डोळे भरून आले.

"मग आईने असं का सांगितलं?"

"घाईत होती गं. चंद्रावर मैदानं आखणारी बाई, आणि लेकीला वचन दिलं ते वाढणाऱ्या पट्टीवर! तिचे कान मी नंतर उपटेनच. पण तिच्या मनातली वीत होती ती त्या दिवसाच्या हाताची, सहा वर्षांच्या बकुळची. मापाची पट्टी कशी हवी? आज एवढी तर उद्याही एवढीच, माझ्याकडे एवढी तर तुझ्याकडेही एवढीच. असं सगळ्यांनी मान्य केलेलं, न बदलणारं माप म्हणजे प्रमाणित एकक. तुझा तो जुना हात मिळाला, तर अजूनही मोजता येईल. पण आता तो आणायचा कुठून?"

बकुळने डोळे पुसले आणि टेकडीकडे पाहिलं. परातीच्या कडेशी संध्याकाळच्या उजेडातला चंद्र दिसत होता, धुतलेल्या कापडासारखा फिका.

"तिथे आहे," ती म्हणाली. "आईकडे. कागदावर."

बाबांनी परात सरळ केली आणि पडद्यावर आई आली. तिच्या मागे कोणीतरी आतापासूनच पेट्या बांधत होतं. आई हसत होती.

बकुळने मूठ आवळली. "आई, मी नऊ नाहीये. मी खोटं मोजलं."

आई तशीच हसत राहिली. बातमी अजून वाटेत होती. तेवढा वेळ बकुळला ते हसू बघत उभं राहावं लागलं. मग ते मावळलं.

"म्हणजे… आठच?" आई हळूच म्हणाली. "मला वाटायचंच. बकू, तू माझ्यावर रुसलीयस का? दर वेळी आठच सांगतेस, तेव्हा वाटायचं, पोरीला मी यायलाच नकोय. म्हणूनच मी इथल्यांना राहीन म्हणणार होते."

"नाही!" बकुळ एवढ्या जोरात ओरडली की गजाभाऊची सोंड दचकून बाहेर आली. "आई, माझा हातच वाढला! आठ म्हणजे आठ नव्हतं ते! तो कागद आहे ना तुझ्याकडे?"

या वेळी कोणी शेंगदाणा खाल्ला नाही. आईने आधी कपाळावर हात मारला. मग झोपायच्या पिशवीच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कागद अलगद सोडवला आणि पडद्यासमोर धरला. पेन्सिलीची रेघ ठिकठिकाणी पुसट झाली होती. रोज त्यावर कोणी हात ठेवला की होते तशी.

"घेतो माप!" गजाभाऊची सोंड पडद्याला चिकटली. "एक वीत, सव्वीस सेंटीमीटर!"

"एवढी? ही तर तुमच्यापेक्षा मोठी झाली, आबा!"

आबांनी चित्र मोठं केलं. गजाभाऊने पुन्हा मोजलं. "अडतीस! ताई, कापड ताणलं जातंय!"

"चित्र मोजतोयस शहाण्या, हात नव्हे," आबा म्हणाले. "चित्र लहानमोठं होतं. खरा कागद तिथे आहे, तेव्हा मोजायचा तिथेच, आणि इकडे पाठवायचा फक्त आकडा."

आईने आपली आखणीची पट्टी काढली. अंगठ्याचं टोक शून्यावर आणलं, एक डोळा मिटून करंगळीकडे पाहिलं. "चौदा सेंटीमीटर."

बकुळचं समाधान झालं नाही. "आबा, पण चंद्रावर सगळं हलकं होतं ना? मग तिकडचा सेंटीमीटरही लहान होत असेल."

"शाब्बास, शंका अशी हवी. चंद्राची ओढ कमी, म्हणून तिथे वजनकाट्यावर तू सहावा हिस्साच भरशील. पण लांबीला त्या ओढीचं काही देणंघेणं नाही. आणि मीटर आता कोणाच्या हातावर नाही, की कपाटात ठेवलेल्या दांडीवरही नाही. तो बांधलाय प्रकाशाच्या धावेवर. एका सेकंदाचे सुमारे तीस कोटी तुकडे कर. त्यातल्या एका तुकड्यात प्रकाश जेवढा धावतो, तो एक मीटर. त्याचा शंभरावा भाग म्हणजे सेंटीमीटर. प्रकाशाची ही धाव इथे जेवढी, तेवढीच तिथे."

"त्याची धाव कोणी बघितलीय?"

"तू. दर आठवड्याला. तुझी हाक प्रकाशाच्याच वेगाने जाते. इथून चंद्रापर्यंत सव्वा सेकंद, आणि आईची ओ परत यायला सव्वा सेकंद. तो तुझा शेंगदाणा आहे ना, ती प्रकाशाची एक येरझार आहे. अर्थात शेंगदाणा काही प्रमाणित एकक नव्हे. खवट निघाला की वेळ लागतो."

बकुळने जाड पुठ्ठा घेतला. शून्यापासून चौदा सेंटीमीटर मोजून खूण केली, कापला, आणि त्या पुठ्ठ्याकडे बघत राहिली. एवढीशी वीत. एवढ्याशा हाताने आईचा पदर धरला होता.

"या ताई!" गजाभाऊच्या अंगात दुकान संचारलं. "चप्पल काढा. टाचा चौकटीला टेकवा. नजर समोर. डोक्यावर ही पाटी आडवी, तिरकी नको." त्याने पाटीखाली खूण केली. बकुळने पुठ्ठा जमिनीला टेकवला आणि भराभर वर चढवत नेला. एक, दोन, तीन…

"सव्वानऊ!" तिने टुणकन उडी मारली. "आई, सव्वानऊ!"

गजाभाऊने घसा साफ केल्यासारखा आवाज काढला. "ताई, पट्टीवर पट्टी चढतेय. आधीची संपली, तिथे रेघ मारा. पुढची त्या रेघेवरच सुरू. मध्ये फट नको, वर चढ नको. गिऱ्हाईक खूश आणि माप खोटं, असं आमच्या दुकानात कधी झालं नाही."

बकुळने पडद्यावरच्या आईकडे पाहिलं, मग हातातल्या पुठ्ठ्याकडे. सव्वानऊ म्हणून सोडून देता आलं असतं.

तिने पेन्सिल घेतली आणि पुन्हा जमिनीपासून सुरुवात केली. दर वितीला एक बारीक रेघ. आठवी संपली तेव्हा खूण अजून बरीच वर होती. आठ कधीच मागे पडल्या होत्या! नववी वीत लावली. ती खुणेपर्यंत पोचली आणि किंचित वर निघून गेली. बकुळने पुठ्ठा आणि खूण यांच्यातलं अंतर पट्टीने पाहिलं.

"गजाभाऊ, आता तू मोज."

दोन वर्षं वाट बघणारी सोंड सुर्रकन बाहेर आली. "एकशे पंचवीस सेंटीमीटर. धुतल्यावर आटणार नाही!"

बकुळ पडद्यासमोर जाऊन उभी राहिली. "आई, नऊ विती म्हणजे एकशे सव्वीस. मी एकशे पंचवीस आहे. नऊला एक सेंटीमीटर कमी." मग तिने घाईघाईने जोडलं, "हे खरं आहे. मी दोनदा मोजलंय."

सव्वा सेकंद तिचं म्हणणं वर गेलं. सव्वा सेकंद काहीच खाली आलं नाही. मग आई हसली, आणि या वेळचं हसणं जुनं होतं, दारातलं.

"यान निघायला अजून दोन महिने आहेत. तुझ्या वयाची मुलं दोन महिन्यांत साधारण एवढीच वाढतात, एक सेंटीमीटर. तू तेवढं बघ, बाकीचं अंतर मी बघते."

"आणि शाले," आबा मध्येच म्हणाले, "पुढचं वचन देशील ते मीटरमध्ये दे."

पुढचे दोन महिने बकुळ काही लोंबकळली नाही. वाढणं आपलं आपण होतं, फक्त मोजणाऱ्याने नीट मोजायचं असतं, एवढं तिला कळलं होतं. पुठ्ठ्याची वीत चौकटीशेजारच्या खिळ्याला टांगली होती. शाळेतली पोरं येऊन त्या वितीने आपली उंची मोजून जात, आणि पहिल्यांदाच कोण कोणापेक्षा उंच, यावर भांडण होईना.

यान निघालं त्या दिवशी आई यानातून दिसली. "आई!" बकुळने शेंगदाणा तोंडात टाकला. चावला, गिळला. "ओ, बकू!"

दुसऱ्या दिवशी तो चावून झाला, गिळायचा राहिला, तेवढ्यात ओ आली. बकुळ दचकली. मग तिला उमगलं. वाट लहान होत होती. आई पडद्यावर कालच्या एवढीच दिसत होती, पण येरझार घटत होती. बाबा परातीवरून आकडे सांगत होते, किती लाख किलोमीटर राहिले, किती हजार राहिले. बकुळला ते कळतही होते, पण तिचा भरवसा तिच्या दाण्यावर होता. पुढच्या वेळी दाताखाली आला न आला, तोच ओ. त्याच्या पुढच्या वेळी तो ओठांपाशीच होता.

आणि मग एका सकाळी बकुळ चौकटीला पाठ लावून उभी होती. टाचा टेकलेल्या, नजर समोर. शेजारी आबा, हातात पाटी घेऊन गजाभाऊ, आणि सवयीने तिच्या एका मुठीत एक शेंगदाणा. कोपऱ्यावर गाडी वळली. थांबली. दार उघडलं.

"आई!"

"ओ!"

शेंगदाणा मुठीतच राहिला.